नेट चालू, तरी ॲप बंद: ‘होस्ट सापडत नाही’ या संदेशाचा उलगडा

मोबाइलच्या पडद्यावर सिग्नलच्या सगळ्या दांड्या दिसत असतात, रिचार्ज संपलेला नसतो, आणि तरीही बँकेचे, वीजबिलाचे किंवा दुकानाच्या हिशेबाचे ॲप उघडल्यावर ‘अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट’ किंवा ‘सर्व्हर आयपी ॲड्रेस कुड नॉट बी फाउंड’ अशी एक ओळ समोर येते. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्याच्या बिलिंग यंत्रावर, कुरिअर पोचवणाऱ्या मुलाच्या फोनवर किंवा शिरोली एमआयडीसीतल्या गोदामात बारकोड वाचणाऱ्या स्कॅनरवर ही ओळ सारखीच उमटते, कारण हातात धरून वापरायच्या या सगळ्या यंत्रांचे सॉफ्टवेअर एकाच पायरीवर अवलंबून असते. ती पायरी अडली की लोक आधी फोन बंद करून चालू करतात, मग ॲप काढून पुन्हा टाकतात आणि तरीही जमले नाही तर दुकानात जाऊन फोन पूर्ण पुसून घेतात. या बिघाडात फोन पुसण्याची गरज जवळजवळ कधीच नसते. उलट त्यात फोटो, लॉगिन आणि न पाठवलेल्या नोंदी कायमच्या जाऊ शकतात. म्हणून हा संदेश नेमका कशाबद्दल आहे, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे.

२० ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे ऐन नरक चतुर्दशीच्या दुपारी, जगभरातली अनेक ॲप एकाच वेळी अडली. ॲमेझॉन कंपनीच्या क्लाउड सेवेतल्या अमेरिकेतील व्हर्जिनिया विभागात एका महत्त्वाच्या डेटाबेस सेवेचे नाव अचानक कोणत्याही पत्त्याशी जोडलेले राहिले नाही. नावांच्या नोंदी आपोआप अद्ययावत करणाऱ्या यंत्रणेतल्या दोन प्रक्रिया एकमेकींच्या आड आल्या आणि नोंद रिकामी राहिली. हरवली होती ती फक्त नाव आणि पत्ता यांच्यातली जोडणी. ती नोंद काही तासांत दुरुस्त झाली, पण एका रिकाम्या नोंदीचे परिणाम दिवसभर पुरले.

नावाचा पत्ता कसा लागतो

इंटरनेटवरची यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. या आकड्याला आयपी पत्ता म्हणतात. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून आपण नावे वापरतो, आणि ज्या यंत्राचे नाव शोधायचे त्याला ‘होस्ट’ म्हणतात. नावावरून आकडा शोधून देणाऱ्या जगव्यापी व्यवस्थेचे नाव डोमेन नेम सिस्टिम, म्हणजेच डीएनएस. सुरुवातीच्या काळात सगळी नावे एकाच फाइलमध्ये लिहिलेली असत, ती फाइल अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळली जाई आणि प्रत्येक जण तिची प्रत उतरवून घेई. यंत्रे वाढत गेली तशी ही पद्धत अपुरी पडली, आणि १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. आजही तोच पाया वापरात आहे.

ही व्यवस्था समजायला कोल्हापुरात घर शोधण्याची रीत फार उपयोगी पडते. परगावाहून आलेल्या पाहुण्याला फक्त घरमालकाचे नाव ठाऊक आहे असे समजा. तो मध्यवर्ती बसस्थानकावर रिक्षा करतो आणि ते नाव रिक्षावाल्याला सांगतो. स्थानकावरच्या चौकशीत एवढेच कळते की हे घर शिवाजी पेठेत आहे. पेठेत गेल्यावर कोणी तरी तालमीचे नाव सांगते, आणि तालमीच्या कट्ट्यावर बसलेली मंडळी नेमके घर दाखवतात. शहरातली सगळी घरे कोणालाच पाठ नसतात. पुढे कोणाला विचारायचे, एवढे मात्र प्रत्येकाला ठाऊक असते. डीएनएसमध्ये स्थानकावरच्या चौकशीच्या जागी ‘रूट’ सर्व्हर असतात, पेठेच्या जागी डॉट इन किंवा डॉट कॉम सांभाळणारे सर्व्हर असतात, आणि तालमीच्या जागी त्या विशिष्ट संकेतस्थळाचा स्वतःचा नाव-सर्व्हर असतो. आपला फोन मात्र यांपैकी कोणाकडेही स्वतः जात नाही. तो रिक्षावाल्याला विचारतो. हा रिक्षावाला म्हणजे ‘रिझॉल्व्हर’, जो बहुधा आपल्या मोबाइल कंपनीचा किंवा ब्रॉडबँड कंपनीचा असतो.

एकदा सापडलेले घर रिक्षावाला काही काळ लक्षात ठेवतो, म्हणजे प्रत्येक वेळी स्थानकापासून सुरुवात करावी लागत नाही. या लक्षात ठेवण्याला कॅशे म्हणतात. किती वेळ लक्षात ठेवायचे हे संकेतस्थळाचा मालक ठरवतो. ती मुदत काही सेकंदांपासून एका दिवसापर्यंत, कधी त्याहूनही अधिक असू शकते. ‘असे घरच नाही’ हे उत्तरसुद्धा काही वेळ लक्षात ठेवले जाते, आणि म्हणूनच पलीकडचा दोष दूर झाल्यावरही आपल्या फोनवर तो थोडा वेळ दिसत राहतो.

संदेशाचे शब्द दिशाभूल का करतात

ॲन्ड्रॉइडवर या संदेशाचा उरलेला भाग बहुतेक वेळा ‘नो ॲड्रेस असोसिएटेड विथ होस्टनेम’ असा असतो, म्हणजे ‘या नावाशी कोणताही पत्ता जोडलेला नाही’. हे वाचून कोणालाही वाटेल की संकेतस्थळच बंद पडले आहे. प्रत्यक्षात फोन विमान मोडवर असतानाही अनेक ॲप अगदी हेच वाक्य दाखवतात, कारण नाव शोधण्यात आलेल्या जवळजवळ सगळ्या अपयशांना ॲन्ड्रॉइड एकच शिक्का मारतो. प्रश्न फोनबाहेर गेलाच नाही, रिझॉल्व्हरने उत्तर दिले नाही, किंवा त्याने ‘असे नाव अस्तित्वात नाही’ असे ठामपणे सांगितले, या तीन अगदी भिन्न परिस्थिती त्या एका वाक्यात मिसळून जातात.

क्रोम ब्राउझर थोडी अधिक माहिती देतो. त्याच्या संदेशाच्या शेवटी ‘एनएक्सडोमेन’ हा शब्द असेल तर कोणी तरी उत्तर दिले आहे आणि ते ‘असे नाव नाही’ असे आहे. तेव्हा नावातली चूक किंवा संकेतस्थळाकडचा दोष आधी तपासावा. त्याच जागी ‘नो इंटरनेट’ असेल तर जोडणीच तुटलेली आहे. म्हणून ॲपने तक्रार केली की तेच नाव ब्राउझरमध्ये उघडून पाहणे हे मला सर्वांत उपयुक्त पाऊल वाटते.

व्हॉट्सॲप चालते, मग नेट बंद कसे?

ही शंका रास्त आहे. व्हॉट्सॲपसारखी ॲप सर्व्हरशी आधीच जोडलेली राहतात, आणि एकदा जोडणी झाली की ती टिकेपर्यंत नाव पुन्हा शोधावे लागत नाही. त्यामुळे नावाचा शोध पूर्ण बंद पडला असतानाही जुन्या जोडणीवरून संदेश येत-जात राहतात, आणि नव्याने उघडलेले ॲप मात्र अडते. अशा वेळी दोष ॲपचा आहे असे वाटते, पण तो त्याच्या आधीच्या पायरीवर असतो.

याची खात्री करण्याची साधी रीत आहे. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी नाव न लिहिता १.१.१.१ हा आकडा इंग्रजी अंकांत लिहावा. हा क्लाउडफ्लेअर कंपनीच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरचा पत्ता आहे आणि तो थेट आकडा असल्यामुळे त्यासाठी नावाचा शोध लागत नाही. पान उघडले तर इंटरनेट चालू आहे. कधी ते पान आपल्याला एखाद्या नावाच्या पत्त्याकडे वळवते आणि मग ‘नाव सापडले नाही’ असे दिसते. तरीही वळवण्याचा आदेश आपल्यापर्यंत पोचला, म्हणजे जोडणी शाबूत आहे आणि दोष नावाच्या शोधातच आहे, हे सिद्ध होते.

शोध कुठून सुरू करावा

पहिला प्रश्न असा विचारावा: एकच ॲप अडले आहे की सगळी? सगळी अडली असतील तर दुसरा प्रश्न: वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर गेल्यास हे सुटते का? सुटत असेल तर दोष घरच्या किंवा दुकानाच्या राउटरमध्ये, नाही तर त्यामागच्या ब्रॉडबँड सेवेत आहे. पुष्कळदा राउटर स्वतःच प्रश्न पुढे पोचवण्याचे काम करत असतो आणि अनेक दिवस अखंड चालू राहिल्यावर त्याचे ते काम अडकते. तो अर्धा मिनिट बंद ठेवून चालू केल्यास बहुधा सुरळीत होतो. त्याच वाय-फायवरचा दुसरा फोन नीट चालत असेल तर मात्र राउटरला दोष देऊ नये. तेव्हा आपल्याच फोनच्या सेटिंगकडे वळावे.

विमान मोड काही सेकंद चालू करून बंद करणे हा उपाय अनेकांना देवाचे नाव घेण्यासारखा वाटतो, पण त्यामागे तांत्रिक कारण आहे. ॲन्ड्रॉइडवर शोधलेल्या नावांची आठवण त्या त्या जोडणीपुरती ठेवलेली असते. जोडणी तोडून नव्याने केली की ती जुनी आठवण जाते आणि रिझॉल्व्हरचा पत्ताही नव्याने मिळतो. म्हणून हा उपाय सर्वांत आधी करावा. ‘नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करा’ हा पर्याय मात्र शेवटी ठेवावा, कारण त्यात साठवलेले वाय-फायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या पुसल्या जातात.

एकच ॲप अडले असेल तर त्या ॲपची डेटा वापरण्याची परवानगी पाहावी. डेटा सेव्हर किंवा बॅटरी बचतीचा मोड चालू असताना पडद्यामागे चालणाऱ्या ॲपचे नेट थांबवले जाते, आणि ते थांबलेले नेटही ‘होस्ट सापडला नाही’ याच शब्दांत प्रकट होते. दिवसभर खिशात राहून अधूनमधून नोंदी पाठवणाऱ्या कामाच्या ॲपांना हे विशेषतः जाणवते. फोनमध्ये एखादे व्हीपीएन ॲप, म्हणजे सगळे नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारे ॲप, असेल तर तेही बंद करून पाहावे. आणि गगनबावडा, राधानगरी किंवा पन्हाळ्याच्या बाजूला डोंगराआड सिग्नल क्षणाक्षणाला तुटत असेल, तर वर सांगितलेले काहीही करण्याआधी मोकळ्या जागी येऊन पुन्हा प्रयत्न करावा.

खाजगी डीएनएस: विसरलेली सेटिंग

माझ्या मते आजच्या ॲन्ड्रॉइड फोनवर सर्वांत आधी संशय घ्यावा अशी हीच जागा आहे. २०१८ मध्ये आलेल्या ॲन्ड्रॉइड ९ पासून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘खाजगी डीएनएस’ हा पर्याय आहे. नावाचे प्रश्न एरवी उघड्या पोस्टकार्डासारखे जात असत; या पर्यायामुळे ते कूटबद्ध होऊन जातात. पर्याय तीन आहेत: बंद, स्वयंचलित आणि सेवा देणाऱ्याचे नाव स्वतः लिहिणे. स्वयंचलित पर्यायात फोन कूटबद्ध शोधाचा प्रयत्न करतो आणि तो जमला नाही तर साध्या शोधावर येतो. तिसऱ्या पर्यायात मात्र माघार नसते. लिहिलेल्या सेवेशी सुरक्षित जोडणी झाली नाही तर फोन दुसऱ्या कोणालाही विचारत नाही, आणि मग एकही नाव सापडत नाही.

जाहिराती बंद करण्याची युक्ती म्हणून अनेक जण या जागी एखाद्या सेवेचे नाव लिहून ठेवतात आणि पुढे विसरतात. ती सेवा बंद झाली, तिचे नाव बदलले, किंवा कॉलेजच्या वा कार्यालयाच्या नेटवर्कने तिचा मार्ग रोखला की फोनवरचे सगळे नेट गेल्यासारखे होते. त्यातही जाहिराती रोखणाऱ्या सेवा काही नावांना मुद्दामच उत्तर देत नाहीत. एखाद्या ॲपला त्याच नावाची गरज असेल तर नेमके तेच ॲप अडते आणि बाकी सगळे चालते. फोनचे घड्याळ चुकलेले असले तरी हीच अडचण येते, कारण सुरक्षित जोडणीत सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत तपासली जाते आणि चुकीच्या तारखेला ते प्रमाणपत्र अवैध ठरते. बॅटरी पूर्ण उतरून कित्येक दिवस कपाटात पडलेल्या यंत्रात तारीख आधी पाहावी, ती यासाठीच.

ही सेटिंग ‘स्वयंचलित’वर आणून पाहिल्याने कोणतेही नुकसान होत नाही. आणखी एक बारकावा: या जागी आकडा चालत नाही, नावच लिहावे लागते. ८.८.८.८ लिहून ‘सेव्ह’चे बटण का उमटत नाही, असा प्रश्न पडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

मोफत वाय-फाय आणि लॉगिनचे पान

स्थानक, हॉटेल किंवा रुग्णालयातले वाय-फाय जोडले गेले तरी मोबाइल क्रमांक आणि ओटीपी भरेपर्यंत ते बाहेर जाऊ देत नाही. तोपर्यंत कोणतेही नाव विचारले तरी ते नेटवर्क उत्तर देत नाही किंवा स्वतःच्या लॉगिन पानाचाच पत्ता देते. ब्राउझर उघडून ते पान पूर्ण केल्याशिवाय ॲप चालणार नाहीत. नावाचे उत्तर बदलून माणसाला भलत्याच ठिकाणी नेता येते, याचे हे निरुपद्रवी उदाहरण आहे. ठगही हेच करू शकतात; राउटरचा मूळ पासवर्ड न बदलता ठेवला असेल तर त्यातला रिझॉल्व्हरचा पत्ता बदलून बनावट पानाकडे नेणे शक्य असते. म्हणून ब्राउझरने प्रमाणपत्राबद्दल इशारा दिला तर तो ओलांडून बँकेचे पान कधीही उघडू नये.

कारखान्यातली आणि दुकानातली यंत्रे

कामाच्या यंत्रांमध्ये सर्व्हरचे नाव बहुधा हाताने भरलेले असते, आणि चुकाही तिथेच होतात. सेटिंगमध्ये फक्त होस्टचे नाव हवे असताना कोणी ‘एचटीटीपीएस’ आणि तिरक्या रेघांसह पूर्ण पत्ता चिकटवतो. व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या नावाच्या शेवटी न दिसणारी मोकळी जागा येते, किंवा कीबोर्ड बिंदूनंतर आपोआप जागा सोडतो. लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक मात्र डीएनएस मानत नाही, त्यामुळे पहिले अक्षर मोठे झाले म्हणून काळजी करू नये. नाव पुसून पुन्हा टाइप करणे हाच खात्रीचा उपाय आहे.

फाउंड्रीतला किंवा गुळाच्या अडतीतला सर्व्हर कार्यालयातच असेल तर आणखी एक गुंता असतो. त्याचे नाव बाहेरच्या जगाला ठाऊकच नसते. ते फक्त त्या आवारातल्या डीएनएसला ठाऊक असते. तोच स्कॅनर गोदामाचे वाय-फाय सोडून सिमच्या डेटावर गेला की नाव हरवते, आणि खाजगी डीएनएसमध्ये बाहेरच्या सेवेचे नाव लिहिलेले असेल तर आवारात उभे राहूनही ते सापडत नाही. ‘संगणकावर हेच नाव चालते, मग यंत्रावर का नाही’ असे विचारले जाते, त्याचे कारण असे की विंडोज संगणक आजूबाजूच्या यंत्रांना थेट हाक मारूनही छोटे नाव शोधू शकतो, पण ॲन्ड्रॉइड त्या रीतीने शोधत नाही. अशा ठिकाणी राउटरमध्येच त्या नावाची नीट नोंद करून घ्यावी.

आकडाच लिहून ठेवला तर?

ही सूचना नेहमी येते, आणि बंद आवारातल्या स्थिर पत्त्याच्या सर्व्हरसाठी ती तात्पुरती चालूही शकते. सार्वजनिक सेवांसाठी मात्र ती टिकत नाही. मोठ्या सेवांचे आकडे न सांगता बदलतात, एकाच आकड्यामागे हजारो संकेतस्थळे असू शकतात, आणि सुरक्षिततेचे प्रमाणपत्र सहसा नावाच्या आधारे दिलेले असते. आकडा लिहिल्यास ते जुळत नाही.

रिझॉल्व्हर बदलून गुगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ घ्यावा का, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. आपल्या कंपनीचा रिझॉल्व्हर अडखळत असेल तर त्याने नक्की फरक पडतो. परंतु सार्वजनिक रिझॉल्व्हरही बंद पडू शकतात. १४ जुलै २०२५ रोजी १.१.१.१ ही सेवाच सुमारे एक तास जगभर ठप्प होती. शिवाय आपण कोणकोणती नावे विचारतो हे त्या रिझॉल्व्हरला दिसते, त्यामुळे कोणावर विश्वास ठेवायचा हा निर्णय प्रत्येकाने जाणीवपूर्वक घ्यावा. कार्यालयाने दिलेल्या यंत्रात तो परस्पर बदलू नये.

दोष पलीकडे असतो तेव्हा

वाय-फाय, मोबाइल डेटा आणि शेजाऱ्याचा फोन या तिन्हींवर एकच नाव सापडत नसेल तर आपल्या हातात वाट पाहण्याखेरीज फारसे काही नाही. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते, तेव्हा कंपनीच्या नाव-सर्व्हरपर्यंत जाणारे रस्तेच इंटरनेटवरून नाहीसे झाले होते. त्या काळात जगभरची ॲप तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिली आणि इतरांच्या रिझॉल्व्हरवरचा भारही खूप वाढला. म्हणून आपल्या शहरात ॲप तयार करणाऱ्या तरुणांना माझे आग्रहाचे सांगणे आहे: शोध फसला तर लगेच पुन्हा विचारू नका, प्रत्येक प्रयत्नामधले अंतर वाढवत न्या, भरलेली नोंद यंत्रातच सुरक्षित ठेवा, आणि वापरणाऱ्याला ‘सर्व्हरचे नाव सापडले नाही, तुमची नोंद जपून ठेवली आहे’ असे स्वच्छ मराठीत सांगा.

स्वतःचे संकेतस्थळ चालवणाऱ्या चप्पल-विक्रेत्याला किंवा गूळ-व्यापाऱ्याला हाच बिघाड वेगळ्या बाजूने भेटतो. ग्राहकांना नाव सापडत नसेल तर डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदवलेल्या नावाचे, नूतनीकरण झाले आहे का, हे आधी पाहावे. नोंदणीशी जोडलेला ईमेल जुना असल्यामुळे मुदतीच्या सूचना वाचल्याच जात नाहीत, असे पुष्कळदा होते. सर्व्हर बदलायचा असेल तर नोंद लक्षात ठेवण्याची मुदत एक-दोन दिवस आधीच कमी करून ठेवावी, म्हणजे ग्राहकांचे फोन जुन्या पत्त्यावर जात राहणार नाहीत.

तक्रार करताना काय सांगावे

‘नेट चालत नाही’ एवढ्या वाक्यावर मदत करणारा काहीच शोधू शकत नाही. संदेशाचा स्क्रीनशॉट, त्यात दिसणारे होस्टचे पूर्ण नाव, घडल्याची वेळ, तेव्हा वाय-फाय होते की सिमचा डेटा, दुसऱ्या जोडणीवर काय झाले आणि आकड्याचा पत्ता उघडला की नाही, एवढे कळवावे. स्क्रीनशॉट पाठवण्याआधी त्यात खाते क्रमांक किंवा ओटीपी दिसत नाही ना, हे पाहावे. आकडा उघडतो पण नाव उघडत नाही आणि तेही फक्त एका कंपनीच्या सिमवर, असे सांगितले तर तक्रार ॲप बनवणाऱ्याकडे न जाता थेट त्या मोबाइल कंपनीकडे जाते; आणि सगळ्या जोडण्यांवर एकच नाव अडते असे सांगितले तर ती ॲप चालवणाऱ्याकडे जाते.